सुट्टीतला बीजगणित आणि त्रिकोणमितीचा इंटेन्सिव्ह कोर्स : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर बॅचच्या आधी तेच तेच प्रश्न येतात, निम्मे आईवडिलांचे, निम्मे मुलांचे, आणि गंमत म्हणजे दोघंही एकमेकांना कळू न देता विचारतात. म्हणून यावेळी सगळं एकाच ठिकाणी लिहून टाकतेय. लांबलंय, पण आपल्याला लागेल तेवढं वाचा.

कोर्स नक्की आहे तरी काय?

सहा आठवडे, आठवड्याचे पाच दिवस, रोज तीन तास, म्हणजे एकूण ९० तास. वय साधारण १३ ते १७. पहिले साडेतीन आठवडे बीजगणित : कंस, अवयव, घातांक, करणी, एकसामयिक समीकरणं, वर्गसमीकरणं, असमानता, थोडं फंक्शन्स आणि आलेख. मग त्रिकोणमिती : काटकोन त्रिकोण, एकक वर्तुळ, रेडियन, साईन-कॉसचे आलेख, नित्यसमानता, साईन आणि कोसाईनचा नियम, आणि शेवटी त्रिकोणमितीय समीकरणं. शाळेत हेच वर्ष-दीड वर्ष पसरलेलं असतं, इथे ते दाबून बसवलंय. दाबून बसवलं म्हणजे सोपं केलं असं नाही हं.

आधीचं किती यायला हवं?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आणि तो सगळ्यात कमी लोक विचारतात. घरी बसून चार गोष्टी करून बघा, कागदावर, कोणाला न विचारता. २/३ + ३/४ किती. −३ − (−७) किती. −३² आणि (−३)² यांत फरक आहे का आणि असला तर का. आणि चौथं, ५ − २(क्ष − ३) हे सोपं करून लिहा.

चौथ्याचं उत्तर ११ − २क्ष. पण माझ्याकडे दोन चुकीची उत्तरं कायम येतात आणि दोन्हींची कारणं वेगळी असतात. कोणी −२क्ष − १ लिहितं, म्हणजे त्याने −२ ने कंसातल्या क्ष ला गुणलं पण −३ पाशी पोचेपर्यंत वजाचं चिन्ह विसरला. आणि कोणी ३क्ष − ९ लिहितं, त्याने आधी ५ मधून २ वजा केले आणि मग गुणलं, म्हणजे कोणती क्रिया आधी करायची इथेच गडबड आहे. पहिल्याला दोन दिवसांची प्रॅक्टिस पुरते. दुसऱ्याने कोर्सच्या आधी आठवडाभर अपूर्णांक आणि क्रियांचा क्रम पुन्हा करून यावं, त्यात कमीपणा काही नाही, उलट तसं न करता आलात तर तिसऱ्या दिवशी रडू येईल. चारपैकी दोन तरी स्वतःहून बरोबर आली तर बिनधास्त या.

माझं गणित कच्चं आहे, मी मागे पडेन का?

पडशील, दुसऱ्या आठवड्यात. जवळपास सगळेच पडतात. तिथे वर्गसमीकरणं सुरू होतात आणि अवयव पाडताना जुने सगळे कच्चे दुवे एकदम वर येतात. त्यासाठी रोज शेवटचा अर्धा तास मोकळा ठेवलाय, ज्यांना मागचं पुन्हा हवंय ते माझ्याजवळ येऊन बसतात. पण तू येऊन सांगितलंस तरच. मागच्या बाकावर बसून मान डोलावलीस तर मला कसं कळणार?

आमचा मुलगा खूप हुशार आहे, त्याला बोअर होईल का?

होऊ शकतं, चार-पाच दिवस. हुशार मुलांचा माझा अनुभव असा की ती सगळं मनात करतात, एक पायरी लिहीत नाहीत, आणि सोप्या गणितांत ते खपून जातं. मग क्ष² = ३क्ष असं काही दिलं की फटकन दोन्ही बाजूंना क्ष ने भागून क्ष = ३ लिहून मोकळी होतात, आणि क्ष = ० हे दुसरं उत्तर गायब. शून्याने भागतोय का हे बघायला थांबावं लागतं, आणि थांबायची सवयच नसते. त्यांच्यासाठी वेगळा कठीण प्रश्नांचा कागद रोज असतो, पण अट एकच, प्रत्येक पायरी लिहायची. बऱ्याच जणांना प्रश्नापेक्षा ती अटच जास्त जड जाते.

बीजगणित आणि त्रिकोणमिती एकत्र कशाला, दोन वेगळे कोर्स का नाही?

कारण माझ्याकडे येणारी दहातली बरीच मुलं म्हणतात "मला त्रिकोणमिती जमत नाही" आणि वही उघडून बघितली की त्रिकोणमिती जमतेय, बीजगणित गळतंय.

हे बघा. २ साईन²थीटा − ३ साईन थीटा + १ = ०, थीटा ०° ते ३६०° मध्ये. हे बघून पोरं घाबरतात. आता साईन थीटाच्या जागी नुसतं स लिहा. २स² − ३स + १ = ०. हे तर दुसऱ्या आठवड्यातलं वर्गसमीकरण झालं. अवयव (२स − १)(स − १), म्हणजे स = १/२ किंवा स = १. त्रिकोणमिती आत्ता कुठे सुरू झाली : साईन १/२ असतो ३०° ला आणि १५०° लाही, आणि १ असतो ९०° ला. उत्तरं तीन. या गणितात तीन चतुर्थांश मेहनत बीजगणिताची होती. नित्यसमानता सिद्ध करायच्या असतात तिथेही तेच, साईन²थीटा ÷ (१ − कॉस थीटा) हे १ + कॉस थीटा का होतं, तर वर १ − कॉस²थीटा लिहायचं आणि ते अ² − ब² चं सूत्र आहे हे ओळखायचं. ज्याला अ² − ब² डोळ्यांना दिसत नाही त्याला हे जादूच वाटणार.

रोज तीन तास करता काय?

आल्या आल्या दहा मिनिटं पाच गणितं, वह्या बंद. एक कालचं, दोन मागच्या आठवड्यातलं, दोन अगदी सुरुवातीचं. मार्क नाहीत. मुलांना हे सुरुवातीला अजिबात आवडत नाही, "ते तर झालं ना" म्हणतात. झालं म्हणजे काय झालं? एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसाने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ मध्ये छापलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीलाच भराभर विसरतं आणि मग विसरण्याचा वेग कमी होतो, बिचारा निरर्थक अक्षरं पाठ करत बसायचा. विसरायला लागलेलं पुन्हा आठवून काढलं की ते जास्त टिकतं, म्हणून ही पाच गणितं.

त्यानंतर पाऊण तास नवीन भाग, फळ्यावर. मग छोटा ब्रेक. मग उरलेला जवळजवळ सगळा वेळ मुलं गणितं सोडवतात आणि मी वर्गात फिरून वह्यांत डोकावते. माझं बोलणं कमी आणि त्यांचं लिहिणं जास्त, काही पालकांना हे खटकतं की टीचर शिकवतच नाहीत, पण खरं शिकणं त्याच वेळात होतं.

घरचा अभ्यास किती?

दीड ते दोन तास, वीस-पंचवीस गणितं. आणि ती एकाच प्रकारची नसतात, मुद्दाम मिसळलेली असतात. एकसारखी वीस गणितं दिली की तिसऱ्यानंतर डोकं बंद होतं, हात आपोआप चालतो. मिसळली की प्रत्येक वेळी आधी ठरवावं लागतं की इथे अवयव पाडू, की सूत्र वापरू, की आणखी काही, आणि परीक्षेत नेमकं हेच ठरवता येत नाही.

व्हिडिओ बघून अभ्यास केला तर चालेल का?

बघा की, पण बघणं म्हणजे करणं नाही. मागे एक मुलगी होती, तिची वही इतकी सुंदर की मी फोटो काढावा, तीन रंगांची पेनं, चौकटी, सगळी सोडवलेली गणितं नीट उतरवलेली. मी तिला त्यातलंच एक गणित कोऱ्या कागदावर दिलं. पहिली ओळ लिहिली, दुसऱ्या ओळीला थांबली, आणि म्हणाली "पण मला हे कळलं होतं". कळलंच होतं तिला, खोटं नव्हती बोलत. दुसऱ्याने सोडवलेलं वाचताना प्रत्येक पायरी पटत जाते, पण पुढची पायरी कोणती हे आपल्याला कधी शोधावंच लागत नाही. त्या दिवसापासून तिने एकच बदल केला, उत्तर झाकून गणित पुन्हा सोडवायचं. वही नंतर जरा घाण झाली.

सगळे फॉर्म्युले पाठ करावे लागतात का?

थोडे. वर्गसमीकरणाचं सूत्र, साईन² + कॉस² = १, साईन (अ + ब), कॉस (अ + ब), आणि साईन-कोसाईनचे दोन नियम. बाकीचं यातून निघतं आणि ते काढायला आम्ही शिकवतो.

आता तो ३०-४५-६० चा तक्ता. तो पाठ करू नका, काढा. एक समभुज त्रिकोण घ्या, प्रत्येक बाजू २. मधून उभी रेघ मारून अर्धा करा. पायाचा अर्धा भाग १, तिरकी बाजू २, आणि पायथागोरसने उंची √३. कोन ६०° आणि ३०°. झालं, साईन ३०° = १/२, साईन ६०° = √३/२, समोर दिसतंय. ४५° साठी बाजू १ चा चौरस घ्या, कर्ण √२. तीस सेकंदांचं काम आहे, आणि परीक्षेत घाबरून तक्ता उलटा आठवला तरी हे चित्र उलटं होत नाही.

साईन (अ + ब) मात्र पाठच हवं, कारण नसलं की मुलं साईन अ + साईन ब लिहून टाकतात. करून बघा, ४५° आणि ३०°. साईन ४५° सुमारे ०.७०७, साईन ३०° म्हणजे ०.५, बेरीज १.२०७. पण साईन कधी १ च्या वर जातो का? खरं साईन ७५° आहे सुमारे ०.९६६. उत्तर शक्य तरी आहे का एवढं विचारायची सवय लागली तरी अर्ध्या चुका पकडल्या जातात.

हे साईन-कॉस आलं कुठून, नावं इतकी विचित्र का?

मुलांनी विचारला की मला सगळ्यात आवडणारा प्रश्न, एक अख्खा तास जातो यात. वर्तुळात एक जीवा काढली तर कंस धनुष्यासारखा दिसतो आणि जीवा त्याच्या दोरीसारखी. धनुष्याची दोरी म्हणजे ज्या. तिचा अर्धा भाग म्हणजे अर्धज्या, आणि पुढे बोलताना त्यालाच नुसतं ज्या म्हणायला लागले. जीवा हा शब्द अरबीत गेला, तिथे लिहिताना स्वर गळाले आणि वाचणाऱ्यांनी तो जैब वाचला, ज्याचा अर्थ कपड्याचा घोळ, आणि बाराव्या शतकात लॅटिनमध्ये भाषांतर करताना त्याच अर्थाचा सायनस शब्द आला. म्हणजे साईन ही एका धनुष्याच्या दोरीची वाचनचूक आहे. कॉस म्हणजे लॅटिनमधल्या 'कॉम्प्लिमेंटी सायनस'चं छोटं रूप, ९०° भरायला उरलेल्या कोनाचा साईन.

इसवी सन ४९९ च्या सुमारास आर्यभटाने ज्यांचा तक्ता दिला, ०° ते ९०° मध्ये २४ किमती, दर पावणेचार अंशांनी एक. त्रिज्या घेतली ३४३८. हा आकडा का, तर वर्तुळाचे ३६० अंश म्हणजे २१६०० कला (एका अंशाच्या ६० कला), त्याला २π ने भागलं की जवळपास ३४३८ येतात. म्हणजे त्रिज्या आणि कंस एकाच मापात मोजले, आणि रेडियनमागची कल्पना तरी दुसरी कुठे काय आहे? त्याच्या तक्त्यात ३०° ची ज्या १७१९ आहे, ३४३८ चा बरोबर निम्मा. आणि पहिली किंमत २२५, पावणेचार अंश म्हणजेही २२५ कला. छोट्या कोनाला साईन आणि कोन जवळजवळ सारखेच, हे पुढे कॅल्क्युलसमध्ये पुन्हा भेटतं.

बीजगणिताचा इंग्रजी शब्द अल्जेब्राही अरबीतलाच, अल-जब्र, तुटलेलं पुन्हा जोडणं. नवव्या शतकात अल-ख्वारिझ्मीने क्ष² + १०क्ष = ३९ हे गणित चक्क चित्राने सोडवलं होतं. एक चौरस, बाजू क्ष. दहा क्षच्या पट्टीचे दोन तुकडे, प्रत्येकी ५ रुंद, चौरसाच्या दोन बाजूंना चिकटवले. कोपऱ्यात ५ बाय ५ ची जागा रिकामी राहते. तिथे २५ भरले की एकूण ६४, म्हणजे मोठ्या चौरसाची बाजू ८, म्हणून क्ष = ३. पूर्ण वर्ग करणं म्हणतात ते हेच, आणि हे एकदा कागद कापून केलं की कोणी विसरत नाही. −१३ हेही उत्तर आहे पण त्याने ते धरलंच नाही, लांबी ऋण कशी असेल? ऋण संख्यांचे नियम मात्र ब्रह्मगुप्ताने त्याच्याही आधी, ६२८ मध्ये लिहून ठेवले होते. तेव्हा वजाच्या चिन्हावर अडखळणाऱ्या मुलांना मी सांगते, बाबांनो, मोठमोठे लोक इथे थांबलेत.

कॅल्क्युलेटर चालतो का?

पहिले चार आठवडे नाही. नंतर चालतो, पण आधी स्क्रीनवर अंश आहेत की रेडियन ते बघायचं. दर बॅचला कोणीतरी साईन ३० दाबतं आणि −०.९८८ येतं आणि तेच निमूटपणे वहीत उतरवतं.

परीक्षा असते का? नंबर काढता का?

दर शुक्रवारी एक तासाची टेस्ट. नंबर नाही. त्याऐवजी चुकांची वही. प्रत्येक चुकलेल्या गणितासाठी एक ओळ, काय केलं आणि का केलं. "सिली मिस्टेक" लिहायला बंदी आहे, कारण सहा आठवड्यांनी वही चाळली की दिसतं, एकाच माणसाच्या सिली चुका नेहमी एकाच जागी होतात.

नेहमीचे पाहुणे सांगते. (अ + ब)² ला अ² + ब² लिहिणं. त्याचाच भाऊ, √(अ² + ब²) ला अ + ब लिहिणं, ३ आणि ४ घालून बघा, √२५ म्हणजे ५, ७ नाही. (क्ष + ३)/३ मधला ३ खाली-वर छाटून टाकणं. असमानतेला ऋण संख्येने गुणल्यावर चिन्ह न उलटवणं. साईन २क्ष ला २ साईन क्ष समजणं. आणि माझा लाडका, √(क्ष + ६) = क्ष. दोन्ही बाजूंचा वर्ग केला की क्ष² − क्ष − ६ = ०, उत्तरं ३ आणि −२, पोरं दोन्ही लिहितात आणि खूश होतात. −२ मूळ समीकरणात घालून बघा, डावीकडे √४ म्हणजे २, उजवीकडे −२. वर्ग करताना आपणच एक खोटं उत्तर आत घेतलं. प्रत्येक पायरी बरोबर असूनही उत्तर चुकू शकतं हे पहिल्यांदा कळतं तेव्हा काही मुलं खरंच चिडतात, मला तो क्षण फार आवडतो.

एखादा दिवस बुडला तर?

इथला एक दिवस म्हणजे शाळेतल्या गणिताच्या तासांचा जवळपास आठवडा. एक-दोन दिवस भरून काढता येतात, नोट्स आणि गणितं मिळतील. मधेच दहा दिवस गावाला जायचं ठरलं असेल तर ही बॅच सोडा आणि खरंच गावाला जा.

ऑनलाईन आहे का?

आहे, पण कॅमेरा वहीवर हवा, चेहऱ्यावर नाही. मला चेहरा बघून काही कळत नाही.

हा कोर्स केला की शाळेत वरच्या लेव्हलचं गणित घेता येईल का?

ते तुमची शाळा ठरवते, आम्ही नाही. कोर्स सुरू करायच्या आधी शाळेत विचारून घ्या की बाहेर केलेला कोर्स धरतात का, की त्यांची वेगळी परीक्षा द्यावी लागते. आणि वरची लेव्हल मिळाली तरी लगेच उडी मारायचीच असं नाही.

आईवडिलांनी घरी काय करायचं?

कमी करायचं. शिकवायला बसू नका, तुमची पद्धत वेगळी असते आणि रात्री साडेनऊला भांडण होतं. "आज काय चुकलं, मला समजावून सांग" एवढं विचारा, तुम्हाला नाही कळलं तरी चालेल, त्याला समजावून सांगता आलं पाहिजे. आणि कृपा करून मुलासमोर "मलाही गणित कधी जमलं नाही" हे म्हणू नका, तुम्ही धीर द्यायला म्हणता, पण त्याला त्यातून सुटायचं निमित्त मिळतं.

सगळी सुट्टी यातच जाणार का? (हे मी विचारतोय, आईला सांगू नका)

सांगत नाही. सगळी नाही जाणार, रोजचे पाच तास धर, शनिवार-रविवार मोकळे. पण खरं सांगते, तुला अजिबात यायचं नसेल तर नको येऊस. ओढून आणलेली मुलं सहा आठवडे घड्याळाकडे बघतात आणि गणिताचा राग घेऊन जातात, तो नंतर काढायला फार वेळ लागतो. तीन दिवस येऊन बघ, नाही जमलं तर मला सांग, आईशी मी बोलेन.

याचा पुढे उपयोग काय?

कॅल्क्युलस याच्याशिवाय सुरूच होत नाही, फिजिक्समध्ये बल तिरकं लागलं की साईन-कॉस, आवाजाची लाट काढली की साईनचा आलेख, गेममध्ये कॅरेक्टर वळतं तेव्हा प्रत्येक बिंदू साईन-कॉसनेच फिरवला जातो. शेवटचं उदाहरण दिलं की मागचा बाकही ऐकतो.

काय काय आणायचं?

दोन मोठ्या वह्या (एक चुकांची), पेन्सिल, खोडरबर, पट्टी, कंपास आणि कोनमापक. पहिल्या दिवशी कात्री आणि थोडे रंगीत कागदही आणा, क्ष² + १०क्ष कापायचंय.